महिपतीरावांची 'भीमाविहार'

"पुण्याची माणसं रांग लावून बसतील, अशी बोट सोडतो बघा पाण्यात!" डाळजच्या महिपतीरावांनी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, आणि खरंच सोडली! सत्त्याण्णव सालचा हिवाळा होता. उजनी धरणाच्या फुगवट्यावर लांब मानेचे गुलाबी पक्षी उतरले होते आणि ते बघायला गावात मोटारी यायला लागल्या होत्या. महिपतीरावांनी वाळूची एक जुनी नाव रंगवली, तिच्यावर विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवलं आणि नाव दिलं 'भीमाविहार'. मागच्या टोकाला चार बांबू, भोवती ताडपत्री आणि मधल्या फळीला एक भोक.

"ह्ये काय?" त्यांच्या बायकोनं, बनाबाईंनी विचारलं.

"संडास! शहरातल्या बायका येणार. सोय नको?"

"आन खाली?"

"खाली उजनी! येवढं थोरलं धरण हाय, त्याला काय कळतंय?"

धरणाला नसेल कळत, पण सिंधुबाईला कळत होतं. ती आणि तिचा नवरा तिथंच काठावर झोपडी टाकून मासे धरायचे. एक दिवस ती जाळं घेऊनच महिपतीरावांपुढं उभी राहिली.

"आबा, जाळ्यात मासं कमी आन तुमच्या बोटीवरचं कप जास्त यायला लागल्यात!"

"मग धुऊन वापर की! फुकटात भांडी मिळत्यात!" महिपतीराव हसले. टपरीवरची माणसंही हसली. सिंधुबाई जाळं खांद्यावर टाकून निघून गेली.

पुढच्याच रविवारी बारामतीचं महिला भिशी मंडळ आलं. अध्यक्षा रश्मीताई. त्यांच्याबरोबर नलूमावशी, त्या ज्या बाजूला बसतील त्या बाजूला बोट झुकायची. पक्षी बघून झाले, भेळ झाली, चहा झाला.

"कागद, कप कुठं टाकायचे हो?" रश्मीताईंनी विचारलं.

"टाका की पाण्यात! पाणी वाहतं हाय, जाईल सोलापूरला!"

बायकांनी टाकलं. कप, द्रोण, भेळेच्या पिशव्या, सगळं सोलापूरला रवाना! ताडपत्रीआडची सोयही दोन-तीन जणींनी वापरली आणि फार कौतुक केलं. महिपतीराव फुगून इंजिनाएवढे झाले.

तेवढ्यात इंजिन खोकलं आणि गचके खाऊन गप्प झालं. खालच्या पंख्याला पिशव्यांनी असा विळखा घातला होता की पंखा जागचा हलेना. वरून वारा फिरला. आणि सोलापूरला निघालेलं सगळं, अगदी सगळं, लगबगीनं परत बोटीला भेटायला आलं! कप आले, द्रोण आले. त्यांच्यामागून जे आलं ते बघून रश्मीताईंनी पदर नाकाला लावला.

"अहो, हे आपलंच आहे का?" एकीनं हळूच विचारलं. कुणीच ओळख दाखवली नाही.

महिपतीराव फेटा सोडून हलवायला लागले. काठावरच्या माणसांना वाटलं, मंडळी खुशीत आहेत. त्यांनीही टोप्या हलवल्या! ऊन चढलं. प्यायचं पाणी संपलं. चारी बाजूंना पाणी आणि एकीचीही घोटभर प्यायची छाती होईना. शेवटी महिपतीरावांनी देवाचं नाव घेतलं, कोयता घेतला आणि त्या पाण्यात उतरले. पंखा नेमका त्या भोकाखालीच होता.

"कुणी बी ताडपत्रीमागं जायाचं न्हाय!" ते खालून ओरडले.

"अहो, पण नलूमावशी आतच आहेत!" वरून उत्तर आलं.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. महिपतीराव वर आले तेव्हा त्यांच्या जवळ बसायला कुणी तयार नव्हतं आणि पंखा होता तसाच अडकलेला होता. बायकांबरोबर आलेल्या दोन पोरी रडायला लागल्या. महिपतीरावांनी कपाळाला हात लावला. एवढ्या बाया आपल्या भरवशावर आल्या, आणि आपण त्यांना भर पाण्यात तहानलेलं ठेवलं!

तेव्हा नवऱ्याला घेऊन होडी वल्हवत सिंधुबाई आली.

"इंजिनाचा आवाज बंद झाला, म्हनलं बगावं. दोर टाका!"

तिनं आधी घागर वर दिली. बायका ओंजळी करून प्यायल्या.

"किती गोड पाणी आहे हो!" रश्मीताई म्हणाल्या.

"आडाचं हाय. लांबनं आनतो. पयलं हितलंच प्येत हुतो." सिंधुबाई सहज बोलून गेली. तिनं महिपतीरावांकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांना मात्र ती सगळ्यांदेखत ओरडली असती तर बरं, असं झालं.

नवरा-बायकोनं वल्ही मारत बोट ओढून काठाला लावली. सिंधुबाईनं चुलीवर पाणी तापवलं आणि महिपतीरावांपुढं साबणाची अख्खी वडी ठेवली.

"आबा, सगळी सपवा. माघारी आनू नगा."

त्या संध्याकाळी ताडपत्री उतरली, फळीचं भोक बंद झालं. पुढच्या काही दिवसांत काठापासून लांब, माळाला खड्डा खणून पक्का संडास उभा राहिला. बोटीत कचऱ्याला दोन पत्र्याचे डबे आले. महिपतीराव आठवडाभर स्वतः होडी घेऊन पाण्यातले कप वेचत होते. टपरीवरची माणसं हसली, तर म्हणायचे, "हसा. त्या बाईनं माझी अब्रू आन त्या बायांचा जीव, दोनी काठाला आनलं."

त्यानंतर धंद्याचा पहिला बरा रविवार झाला, तसे ते बनाबाईंना घेऊन झोपडीवर गेले. इंदापूरच्या बाजारातून आणलेलं हिरवं लुगडं आणि नारळ पुढं केला. "सिंधुबाई, लेकीसारकी धावून आलीस. ह्ये आमच्या मनापासनं घे. उपकार न्हाय इसरायचो."

सिंधुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नारळ घेतला, लुगडं पिशवीतून काढून छातीशी धरलं, वाकून दोघांच्या पाया पडली. मग दुकानाच्या नावाची ती चकचकीत प्लास्टिकची पिशवी नीट घडी घालून महिपतीरावांच्या हातात ठेवली.

"लुगडं ठिवते, आबा. ही तेवडी घरला घिऊन जावा!"