मृगाच्या मुहूर्तावर

"भाग्यलक्ष्मी, अगं तराजू तरी ठेव!" नामदेवराव दारात आडवे आले.

"तराजूबिगर काय मासे अंदाजानं तोलू? सरको, अण्णा."

काचीगुड्यातल्या एका खोलीत नामदेवरावांनी मासेमार घराण्यांचं संग्रहालय मांडलं होतं. सगळ्या वस्तू भाग्यलक्ष्मीच्या घरच्या. वीस वर्षं मराठी आळीत मासे विकून तिची भाषाही अर्धी मराठी झाली होती. नामदेवराव मात्र शेतकऱ्याचं रक्त. शुभ काम मृगावरच करायचं, म्हणून उद्घाटन मृगाला. आणि मृगाच्या दिवशी अख्खं हैदराबाद मासे खातं, हे शेजारच्या कुसुमताईंनी सांगूनही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"आज पन्नास माणसं आली नाहीत, तर घरमालक प्रतापराव खोली एसटीडी बूथला देणार गं!"

"दुपारी सगळं परत आणते. जुबान आहे माझी."

पाग, म्हणजे फेकायचं जाळं, गेली, टोपल्या गेल्या, तराजूही गेला. भिंतींवर खिळे उरले, आणि खिळ्यांखाली नामदेवरावांच्या सुवाच्य अक्षरातल्या चिठ्ठ्या.

दहा वाजता कोणी आलं नाही. अकराला कुसुमताई एकट्याच आल्या आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचत फिरल्या. "छान लिहिलंय हो," त्या हळूच म्हणाल्या.

बाराला प्रतापराव आले, खांद्यावर बूथची पिवळी पाटी घेऊन.

"वा! खोली आधीच रिकामी केलीत. नायतर आजकाल कोण करतंय?"

नामदेवराव चिठ्ठ्यांपुढे हात पसरून उभे राहिले. तेवढ्यात रिक्षा थांबली. तळ्याचं पाणी अजून ठिबकणारी पाग, आणि चांदीसारख्या लखलखत्या माशांनी भरलेल्या टोपल्या घेऊन भाग्यलक्ष्मी आत शिरली. पाग खिळ्यावर, टोपल्या जागेवर, तराजू मधोमध.

"अगं, पण मासे?"

"चीजा परत आणायची जुबान दिली होती, रिकाम्या करून आणायची नाही."

बाजारातले मासे सकाळीच संपले होते; हे तिनं तळ्यातून नव्यानं धरून आणले होते. वास गल्लीभर गेला, आणि मागोमाग गल्ली आली. रांग दारातून पानपट्टीपर्यंत गेली.

"साठ!" कुसुमताई ओरडल्या.

"ही गिऱ्हाइकं हाईत, पाहुणे नव्हेत!" प्रतापराव गरजले.

"अहो, ओरडता काय? मध्ये घुसू नका!" रांगेतून त्यांच्याच बायकोचा, रंजनाबाईंचा आवाज आला. "सासूबाईंना मृगाची मरळ पायजे, सकाळपासून हिंडतेय. काय गं, पुढच्या मृगालाही इथंच ना?"

भाग्यलक्ष्मीनं मरळ पारड्यात टाकली. "मालकांना पूछो, अम्मा."

साठ माणसं प्रतापरावांकडे वळून बघू लागली.

प्रतापरावांनी पाटी खांद्यावरून उतरवली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि मुकाट्यानं रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.