क्रमाने सांगा, बाबा

शालन गेली त्याच्या आदल्या दिवशी आम्ही नवराबायको सोफ्यावर बसून मोबाइलची चुकीची बटणं दाबत होतो. काम सूनबाईने लावलेलं. मुग्धा इथे कोलकात्यात, सॉल्ट लेकच्या एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधले बग, म्हणजे चुका, शोधायच्या, नोंदवायच्या आणि नीट झाल्या की बंद करायच्या. पगार याचा मिळतो.

"आई, बाबा, डोकं न लावता दाबा," म्हणाली.

मी सातवी नापास, जन्मभर ट्रक चालवलेला. मला डोकं न लावायचं काम बरं जमतं. शालनने नावाच्या जागी फोन नंबर लिहिला, मी सगळा पंजाच टेकवला. ॲप बंद पडलं. मुग्धा टाळ्या वाजवत उठली. सासऱ्यावर एवढी खूश झालेली सून आमच्या अख्ख्या बेहाला भागात नसेल.

घरातही तिचं तेच. मिक्सर बिघडला.

"क्रमाने सांगा, बाबा. आधी काय केलंत?"

"बटण दाबलं."

"त्याच्या आधी?"

"तुझ्या सासूकडे चटणी मागितली."

माझा मुलगा प्रोग्राम लिहितो. "माझ्याकडे चालतंय" हे त्याचं ठरलेलं उत्तर. "मग तुझ्याकडेच ठेव," हे तिचं. हे लग्न टिकलंय कसं, देव जाणे. तिचा कायदा एकच: दुरुस्त करणारा 'झालं' म्हणाला म्हणून बग बंद होत नाही. टेस्टर पुन्हा करून बघणार, मगच बंद.

शालन गेल्यावर मी बाजारात जाणं सोडलं. पिशवी घेऊन निघायचो आणि रिकामी घेऊन परत यायचो.

"गुडघा दुखतो," मी म्हणालो.

"काल पंखा पुसायला स्टुलावर चढलात तेव्हा नाही दुखला?"

मग चपलांना दोष दिला. तिने चपला बदलल्या. मग उन्हाला दिला. तिने वेळ बदलली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणे. पिशवी रिकामीच.

"आता बरं आहे गं मला. कर तुझा बग बंद."

"पुन्हा उघडलाय, बाबा."

रविवारी ती सोबत आली. मिठाईच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मी मागच्या गल्लीत वळलो, बैल वळतो तसा. ती तिथेच थांबली आणि पुढे बघत राहिली. पुढे भाजीवाला बसला होता. त्याची माझ्या बायकोशी दोस्ती. तो "माशीमा", म्हणजे मावशी, म्हणून हाक मारायचा, ही मोडक्या बंगालीत त्याच्याशी भांडायची, मी पिशवी धरून उभा. शालन गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. त्याने विचारलं तर मला बोलावं लागलं असतं.

मला वाटलं, आता मुग्धा 'सापडलं' म्हणून टाळ्या वाजवणार. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"मी पण ऑफिसला मागच्या गल्लीने जाते, बाबा," ती म्हणाली. "तो आईंचं विचारेल म्हणून. मला वाटलं, माझ्या एकटीचंच असं होतंय."

येताना दोघंही मागच्या गल्लीने आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा गेलो. त्याने विचारलंच, "माशीमा कोथाय?" मला बंगाली धड येत नाही. "माशीमा नेई," नाही राहिली, एवढंच म्हणालो. त्याने तराजू खाली ठेवला, गोणपाटावर सरकून मला जागा केली. बसलो थोडा वेळ.

घरी आलो तर मुग्धा ऑफिसला निघत होती.

"पुढच्या रस्त्याने जा," म्हटलं. "मी सांगितलंय त्याला."