पोह्यांवरचं औषध

शेजारचे उदयसिंह छातीवर हात धरून दारात उभे राहिले, तेव्हा मंगलाबाई शलाकापुढे पोह्यांची बशी ठेवत होत्या. स्वतःसाठी त्यांनी वाढलं नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी शंकरराव गेले, तेव्हापासून त्यांनी पोह्यांना हात लावला नव्हता.

"अकरा वर्षं त्यांना जीरावणाशिवाय पोहे खायला लावले गं मी," त्या लेकीला म्हणत होत्या. "इंदूरचा माणूस, आणि पोह्यांवर तो तिखट-आंबट मसाला नाही! पित्त होतं म्हणून घरात येऊच दिला नाही. बिचारे माझं पित्ताचं चूर्णच भुरभुरून घ्यायचे वरून."

"वहिनीजी, सकाळपासून भारी जलन होऊन राहिली आहे," उदयसिंह दारातूनच म्हणाले. "कचोरी नडली. शंकररावांचं चूर्ण असेल तर द्या ना थोडं."

मंगलाबाईंनी फडताळातून तपकिरी बाटली काढली. ती भरायचं काम शंकररावांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नव्हतं. मंगलाबाईंचा चष्मा नेहमीप्रमाणे देवघरात होता. त्यांनी अंदाजाने चमचाभर पूड शेजाऱ्याच्या तळहातावर ओतली.

उदयसिंहांचे कान लाल झाले. "आज जरा तेज लागून राहिलंय, वहिनीजी."

"मुरलंय ना. अजून एक घ्या."

उदयसिंहांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत होते. माघार घेणं घराण्यात नव्हतं. दुसऱ्या चमच्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मित्राची आठवण आली असेल असं वाटून मंगलाबाईंनीही पदर डोळ्यांना लावला, आणि तिसरा चमचा भरला.

"पाणी! नाही नाही, दूध!"

शलाकाने थंड दूध दिलं आणि बाटलीतली चिमूटभर पूड जिभेवर ठेवली.

"आई, हे जीरावण आहे."

"काहीतरीच! दर महिन्याला मी स्वतः कुटायचे. आवळा, ज्येष्ठमध, बडीशेप."

"मग ते कुठं जायचं?"

उदयसिंहांनी रिकामा पेला खाली ठेवला आणि शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "माझ्याकडे. दर महिन्याला पुडी द्यायचे. म्हणायचे, घरात जास्त होतं. अकरा वर्षं एक आंबट डकार नाही, वहिनीजी! तीन महिन्यांपासूनच तर ही तकलीफ आहे. तुम्हाला थँक्यू म्हणायचंही राहूनच गेलं."

"आणि हे जीरावण?" शलाकाने विचारलं.

"मीच आणायचो. ते म्हणायचे, 'मंगलाला लागतं.'"

मंगलाबाई बाटलीकडे बघत राहिल्या. रोज सकाळी डोळे मिटून घास घेणारे शंकरराव. 'मंगला, तुझ्या हाताला गुण आहे हो.' आणि आपण मागे उभं राहून कळवळायचो!

त्यांना एकदम हसू फुटलं. हसता हसता त्यांनी बशी घेतली, पोहे वाढले आणि त्यावर बाटली उलटी धरली.

"उद्या चूर्ण कुटते, उदयसिंहजी. तुमची पुडी चालू राहील."

"आणि मी काय आणू?"

"जीरावण आणा," पहिला घास घेत त्या म्हणाल्या. "मंगलाला लागतं."