आपलंच घर समजा

रस्ता विचारणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. ज्याला स्वतःच्या घरी जायला रस्ता विचारावा लागतो, त्याने घर सोडायलाच नको होतं, असं मी आन्सानच्या कारखान्यात सगळ्यांना ऐकवायचो. कोरियातल्या या आन्सानमध्ये मी सहा वर्षं मोटारींचे बंपर घासतोय. आमचे मंगोलियातले पुष्कळजण तिथे आहेत. सुट्टीवर निघाले की लेकाचे फोनवर नकाशे उघडून बसतात! मी त्यांना हसायचो. म्हणायचो, डोळे बांधून मला आमच्या खोऱ्यात सोडा, नुसत्या वासावर घरी पोचेन.

यंदा जुलैत मला दहा दिवसांची रजा मिळाली. निघायच्या आधी आईचा फोन आला. आमच्या खोऱ्यात नेटवर्क नाही, आई टेकडी चढून फोन करते, त्यामुळे अर्धा फोन धाप लागण्यातच जातो. "म्याग्मार, ऐक," ती म्हणाली, "यंदा गवत बरं नाही, म्हणून आम्ही गेर..." मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "आई, आता मला माझं घर शिकवणार का?" म्हटलं. "बरं बाबा, ये," म्हणाली आणि फोन तुटला.

गेर म्हणजे आमचं घर, लोकरीच्या बुरणुसाचा गोल पांढरा तंबू. उन्हाळ्यात एकीकडे, हिवाळ्यात दुसरीकडे, पण जागा ठरलेल्या. उन्हाळ्याची आमची जागा आजोबांच्या काळापासून तांबड्या खडकाखाली, ओढ्याच्या वळणावर. यात चुकण्यासारखं काय आहे?

शिवाय माझं लक्ष रस्त्याकडे नव्हतंच. ते होतं ब्याम्बाकडे. ब्याम्बा माझा धाकटा भाऊ. बाबा गेल्यावर त्याला मी वाढवला, घोड्यावर बसायला मी शिकवलं, आणि दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न ठरलं तेव्हा मालकाने मला रजा दिली नाही. मी जायच्या ऐवजी फ्रीज पाठवला, भला मोठा, दोन दारांचा. ब्याम्बाने आईकडून निरोप धाडला, "माझ्या लग्नात थोरल्या भावाच्या जागी फ्रीज उभा होता." त्यानंतर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आई फोनवर असली की तो टेकडीवरून खाली उतरून जायचा. खरं सांगतो, मला या दहा दिवसांत दुसरं काही नको होतं. त्याने फक्त एकदा 'दादा' म्हणावं.

तालुक्याच्या गावाहून दाश नावाच्या म्हाताऱ्याच्या जीपमध्ये बसलो. डोंगराच्या धारेवर पोचल्यावर त्याने गाडी थांबवली. खाली तांबडा खडक, ओढ्याचं वळण, आणि वळणावर पांढरं गेर! "खालचं तुमचंच ना?" दाशने विचारलं. "मग कुणाचं?" मी म्हटलं. त्याला घाई होती. माझं सामान उतरवून तो गेलासुद्धा.

पहिल्यांदा आमचं कुत्रं माझ्या अंगावर आलं. सहा वर्षांत मुकं जनावरसुद्धा विसरलं, याचं मला फार वाईट वाटलं. मी त्याला नावाने हाक मारली, तर ते आणखी चवताळलं. मग आमच्या रीतीप्रमाणे "कुत्रं धरा!" म्हणून ओरडलो, तेव्हा एक तरुण बाई बाहेर आली आणि तिने त्याला मानगुटीला धरलं. ही ओयुन, माझी भावजय. तिचा मी एकच फोटो पाहिला होता, लग्नातला, त्यात एवढं मोठं शिरभूषण आणि एवढा रंग होता की त्याखाली कोणीही असू शकलं असतं. प्रत्यक्षात बरी होती, जरा स्थूल.

आमच्यात दारात आलेल्या माणसाला 'तू कोण' असं विचारत नाहीत. आधी चहा, मग गवतापाण्याची आणि जनावरांची चौकशी, आणि मग जमलंच तर नाव. त्यातून सुना सासरच्या थोरल्यांची नावं घेत नाहीत, नवऱ्यालाही 'आमचा माणूस' म्हणतात. त्यामुळे तिने मला मिठाचा दुधाळ चहा दिला, मी तो प्यालो, आणि कुणाचंच नाव निघालं नाही.

"माणसं कुठेत?" मी विचारलं.

"घोड्यांमागे गेलीत, दादा. येतील आता."

"आणि आई?"

"त्या तालुक्याला गेल्यात. दात दुखत होता."

मी मनात चरकलो. सहा वर्षांनी लेक घरी येतोय आणि नेमका त्याच दिवशी हिचा दात दुखावा? ब्याम्बानेच तिला पाठवली असणार. म्हणजे राग अजून गेलेला नाही.

तेवढ्यात पलंगामागून एक मुलगी आली. पाच वर्षांची. एक बाळ पाळण्यात होतं, ते ठीक, पण ही? लग्न दोन वर्षांपूर्वीचं. मी पाठीमागे हात नेऊन बोटांवर दोनदा मोजलं. मग लक्षात आलं, ओयुनचं हे आधीचं मूल असणार आणि माझ्या भावाने ते आपलं मानलंय. मला ब्याम्बाचा अभिमान वाटला. परदेशात राहून माझंही मन मोठं झालं होतं. मी ओयुनला म्हटलं, "माझ्याकडून काही मनात आणू नकोस. मला दोन्ही मुलं सारखीच." ती म्हणाली, "हो, दादा," आणि चुलीकडे वळली. बिचारीला भरून आलं असणार.

मग माझी नजर समोरच्या पेटीवरच्या चौकटीकडे गेली. तिथे वाडवडिलांचे फोटो लावतात. त्यात आमच्या बाबांचा फोटो नव्हता! सगळे अनोळखी चेहरे. हिने बाबांना काढून माहेरची पलटण लावली होती. आता सोडून द्यावं तर घराचं वळण बिघडतं, आणि बोलावं तर पहिल्याच दिवशी भांडण. मी मधला मार्ग काढला. माझ्या पासपोर्टमध्ये बाबांचा फोटो असतो, तो काढला आणि चौकटीत बरोबर मधोमध खोचला. वर सौम्यपणे म्हटलं, "माहेरचा अभिमान असावा, पण घर कुणाचं आहे हे माणसाने विसरू नये."

"नाही विसरणार, दादा," ती म्हणाली. सून चांगली होती, ऐकून घेत होती.

मीही हात आखडता घेतला नाही. भाताचा कुकर दिला, चेहऱ्याला लावायच्या सात बाटल्या दिल्या, बाळाचे बूट दिले. आमच्यात दिलेलं नाकारत नाहीत, दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावतात. तिने सात बाटल्या सात वेळा कपाळाला लावल्या. ब्याम्बासाठी आणलेली दुर्बीण मात्र मी गळ्यातच ठेवली. ती त्याच्या हातात द्यायची होती.

थोरला भाऊ घरी आला की मेंढा कापतात. घरात पुरुष नव्हता, म्हणून मीच बाह्या सरसावल्या. ओयुन मागून आली. "दादा, आमचा माणूस येऊ दे ना आधी," म्हणाली. मी म्हटलं, "त्याला काय विचारायचं? मी काय परका आहे?" कळपात गेलो तर मेंढ्यांच्या शिंगांना निळा रंग! कळप ओळखायचा आमचा रंग पिढ्यान्‌पिढ्या तांबडा. भावाने रागाच्या भरात घराण्याचा रंगसुद्धा बदलला! त्या तिरीमिरीत मी कळपातला सगळ्यात धष्टपुष्ट मेंढा निवडला.

मांस दुधाच्या कॅनमध्ये तापलेल्या दगडांबरोबर घालून झाकण लावलं आणि हात पुसत बाहेर उभा राहिलो. समोरच्या धारेवर एक घोडेस्वार होता. मघाशी मेंढा धरतानाही तो तिथेच होता. मी ब्याम्बाची दुर्बीण डोळ्याला लावली. त्याच्याही डोळ्याला दुर्बीण होती, चेहरा तिच्याआड झाकलेला, आणि ती माझ्याकडेच रोखलेली होती. आम्ही बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो. मी हात केला. त्याने केला नाही. असतात अशी रिकामटेकडी माणसं, म्हणून मी आत गेलो.

उन्हं कलली तसा बाहेर टापांचा आवाज आला. दोन वर्षं मनात घोकलेली वाक्यं एकदा म्हणून घेतली. दार उघडलं आणि वाकून आत आला तो बैलासारखा दणकट, कुणी तरी भलताच माणूस! शेजारी असणार. मी घरमालकाच्या जागेवर, पेटीसमोर बसलो होतो. तिथूनच त्याला पाहुण्यांची बाजू दाखवली.

"या, बसा. आपलंच घर समजा."

त्याने बाईकडे पाहिलं, बाईने चुलीकडे पाहिलं. मग त्याने कुकरकडे पाहिलं, चौकटीतल्या माझ्या बाबांकडे पाहिलं, आणि मुकाट्याने पाहुण्यांच्या जागेवर बसला. आमच्या रीतीप्रमाणे भेटीच्या तपकिरीच्या बाटल्यांची देवाणघेवाण झाली.

"जनावरं बरी आहेत ना?" मी विचारलं.

"बरी आहेत," तो म्हणाला. "एक कमी झालेलं दिसतंय."

मी त्याच्यापुढे मांसाचा मोठा तुकडा ठेवला आणि मला राहवेना. अनोळखी माणसापाशी मन मोकळं करायला बरं असतं. फ्रीजची सगळी हकीकत त्याला सांगितली. धाकटा भाऊ बोलत नाही, आईला बाहेर पाठवलं, बाबांचा फोटो काढला, शिंगांचा रंग बदलला, सगळं सांगितलं. तो शांतपणे खात होता. शेवटी त्याने विचारलं, "भावाचं नाव काय म्हणालात?"

"ब्याम्बा."

त्याने हातातलं हाड खाली ठेवलं. "ब्याम्बा धारेवर बसलाय. दुपारपासून. मी आत्ताच त्याच्याजवळून आलो. मला म्हणाला, चुलून, तुझ्या घरी माझा दादा आलाय, त्याला काही कमी पडू देऊ नकोस."

मला दोन गोष्टी एकदम कळल्या, त्यातली कुठली आधी सोसावी ते समजेना. भावाने मला 'दादा' म्हटलं होतं, पण दुसऱ्याजवळ. आणि 'तुझ्या घरी' म्हटलं होतं.

"म्हणजे हे घर..." मी म्हटलं.

"माझं," चुलून म्हणाला. "पण तुम्ही आपलंच समजा."

त्याची बायको आत्तापर्यंत दाबून धरलेलं हसू घेऊन बाहेर पळाली. तिचं नाव सारन, हे मला तेव्हा कळलं. मेंढा त्यांनी बाळाच्या जावळासाठी पोसला होता, हेही कळलं. मी जागेवरून उठलो, बसलो, पुन्हा उठलो, माफी मागितली. चुलून म्हणाला, त्यात काय, पाहुणा आला म्हणजे जावळ झालंच. आमची ओढ्यावरची जागा यंदा त्याने घेतली होती. गवत कमी म्हणून ब्याम्बाने गेर धारेपलीकडे हलवलं होतं. आईला नेमकं हेच सांगायचं होतं. दिलेल्या वस्तू परत घेता येत नाहीत, बाबांचा फोटो तेवढा मी हळूच काढून घेतला. चुलूनने मला घोडा दिला. सहा वर्षांत मी घोड्यावर बसलो नव्हतो, त्यामुळे धार चढताना मी घोड्याला धरलं होतं की घोड्याने मला, ते सांगता येणार नाही. धारेवर आता कुणी नव्हतं.

पलीकडच्या गेरसमोर आई उभी होती. तिने माझं डोकं हुंगलं आणि दंडावर एक चापट मारली. ब्याम्बा माझ्याकडे पाठ करून घोड्याचं दावं वळत बसला होता. घोकलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना. मी दुर्बीण त्याच्या शेजारी ठेवली.

तो पाठ न वळवता म्हणाला, "सहा वर्षांनी आलास. पहिला चहा चुलूनकडे प्यालास. मेंढाही तिथेच कापलास. माझ्यावर एवढा राग होता, तर यायचंच कशाला?"

"तू बघत होतास, तर हाक का मारली नाहीस?"

"मी बोलत नव्हतो ना."

राग माझ्यावर त्याचा असेल, असं मी दोन वर्षं समजत होतो. माझा त्याच्यावर असेल, असं त्याला दुपारपासून वाटत होतं. धारेवर बसून तो इतका वेळ तेच बघत होता. मला रडू आलं. आता लाज वाचवून काही उपयोग नव्हता. मी म्हटलं, "ब्याम्बा, राग कसला? मला वाटलं ते तुझंच घर."

दावं वळणारे हात थांबले. "चुलूनची बायको?"

"मला वाटलं ओयुन."

"तिची पोरगी?"

"ओयुनचं आधीचं मूल."

गेरच्या आत काही तरी धातूचं खाली पडलं. ओयुन, खरी ओयुन, दारात आली. बारीक होती. ब्याम्बाचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. मग तो आडवा झाला आणि गवतात लोळून इतका हसला की आमचं खरं कुत्रं भुंकत धावत आलं आणि मला न ओळखता माझ्याच अंगावर आलं. उठल्यावर त्याने डोळे पुसले, माझा हात धरून मला खाली बसवलं आणि म्हणाला, "दादा, पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. त्या दहा दिवसांत सोळा वेळा सांगितलं. चुलूनसमोरही सांगितलं, त्याच्याच गेरमध्ये बसून, पाहुण्यांच्या जागेवर.

आता दर रविवारी ब्याम्बा टेकडी चढतो आणि मला फोन करतो. त्याच्या शेजारी कुणी तरी नवीन माणूस असतोच. परवा ओयुनच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. याही लग्नाला मालकाने रजा दिली नाही. ऐन कामाच्या पाळीत फोन वाजला, टेकडीवर सगळं वऱ्हाड जमलेलं. "दादा, यांनी ऐकलेलं नाही. पहिल्यापासून सांग." मी बंपर खाली ठेवला आणि सुरुवात केली. सांगायला आता वीस मिनिटं लागतात. मेंढा दर वेळी थोडा मोठा होतो, एवढंच. पण त्यात माझा दोष नाही, मधेमधे ब्याम्बा बोलतो ना.