शके अठरावं

बारावीच्या प्रगत जागतिक इतिहासाच्या परीक्षेला बसणाऱ्याच्या घरी, परीक्षेआधी वीस दिवस, त्याने फॉर्मात लिहिलेलं शतक मुक्कामाला येतं. रोज पाच वर्षं याप्रमाणे ते आपली शंभर वर्षं सांगून संपवतं, आणि जाताना फॉर्मावर सही करतं. सहीशिवाय हॉलतिकीट नाही. पुस्तकावरून लिहिलेल्या उत्तराला गुण मिळत नाहीत, तपासनिसांना ते वासावरून कळतं. शतकाच्या जेवणाखाण्याची सोय उमेदवाराने करायची.

हिंगणपुरात त्या वर्षी दोनच उमेदवार होते. एक हेडमास्तर वाघचौरे यांची मुलगी निशिगंधा, वय सतरा. दुसऱ्या शेवंताबाई ढवळे, वय चौसष्ट, बाजारपेठेतल्या पिठाच्या गिरणीच्या मालकीण. शेवंताबाईंनी दहावी बाहेरून दिली होती, आणि बारावीलाही त्या सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरूनच बसत होत्या. शाळेची पायरी त्या आयुष्यात कधी चढल्या नव्हत्या. वाचायला शिकल्या त्या लग्नपत्रिकांवर. गिरणीवालीला गावातली प्रत्येक पत्रिका येते, आणि दळण चालू असताना हात मोकळे असतात. पत्रिका संपल्यावर त्या पुस्तकांकडे वळल्या आणि पुढची तीस वर्षं थांबल्या नाहीत.

वाचलेलं पोटात ठेवणं त्यांना जमायचं नाही. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून त्या रांगेतल्या बायकांना मंगोल घोडेस्वारांपासून पनामाच्या कालव्यापर्यंत सगळं सांगायच्या. लोक मुद्दाम कमी कमी दळण आणायचे, म्हणजे पुन्हा यायला मिळतं. मग एक दिवस वाघचौरे डबा घेऊन आले, पाच मिनिटं ऐकलं आणि भर रांगेत म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता त्यातलं निम्मं बरोबर असेलही. पण बारावीचा कागद हातात नसताना इतिहास सांगू नये. उद्या मुलं हेच पेपरात लिहून येतील."

शेवंताबाईंनी गिरणी बंद केली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

"ठीक आहे मास्तर. कागद येईपर्यंत या गिरणीत माझ्या तोंडून इतिहासाचा एक शब्द निघणार नाही. आणि नापास झाले तर पुन्हा कधीच निघणार नाही. ही रांग साक्षीला आहे."

रांगेत नऊ डबे आणि चार बायका होत्या. त्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून आठ महिने गिरणीत नुसतं दळण झालं, आणि नंबर यायला फार वेळ लागतो अशी तक्रार गावात पहिल्यांदाच ऐकू आली.

ठरलेल्या दिवशी सकाळी एका टेम्पोतून शतक उतरलं. जवान होतं. पायात गुडघ्यापर्यंतचे मोजे, हातात ट्रंक आणि डोक्यावर कुरळ्या केसांचा पांढरा टोप, त्यावर पीठ मारलेलं. शेवंताबाईंनी ते पीठ चिमटीत घेऊन चोळून पाहिलं.

"खायचं पीठ डोक्याला?"

"आमच्यात पद्धत आहे," शतक म्हणालं.

"इथे नाही." त्यांनी टोप काढून दारात झटकला आणि खुंटीला अडकवला. "बसा शतकराव. चहा घ्या आणि सतराशे एकपासून सुरू करा."

"सतराशे एकपासूनच सुरू आहे," शतक म्हणालं. "शके सतराशे एक. इसवी सनात त्याला सतराशे एकोणऐंशी म्हणतात."

शेवंताबाई पाटावर बसल्या. अठराव्या शतकाचा पेपर इसवी सनाप्रमाणे असतो, सतराशे एक ते अठराशे, वर्षाला एक गुण. त्यांनी बोटं मोजली. समोर बसलेल्या या पाहुण्याकडे त्यातली शेवटची बावीस वर्षं होती. पास व्हायला पस्तीस लागतात.

दुसऱ्या दिवशी, पहाटेच त्या दिवसाची पाच वर्षं ऐकून घेऊन, त्या तालुक्याला शतक वाटप कक्षात गेल्या. तिथले कारकून शिरसाट यांनी त्यांचा फॉर्म काढून समोर ठेवला.

"काकू, वर तारीख काय लिहिलीत, वाचा."

"मिती भाद्रपद शुद्ध पंचमी, शके..." शेवंताबाई वाचता वाचता थांबल्या. पत्रिकांवर शिकलेला हात. किराणामालाच्या यादीवरसुद्धा त्या शके घालायच्या.

"वर शके, खाली अठरावं शतक. एका फॉर्मावर कार्यालय दोन कालगणना धरत नाही."

"चूक माझी. बदलून द्या."

"शतक बदलून मिळतं, पण टोप झटकलेला नसावा."

शेवंताबाईंनी हात पदराआड नेले. शिरसाटांनी ओळखलं.

"माझी आधीची अठ्ठ्याहत्तर वर्षं कुठे आहेत मग?"

"वाघचौऱ्यांकडे. तालुक्याला वर्षांचा एकच संच येतो."

"आणि अठराशेच्या पुढची अठ्ठ्याहत्तर जास्तीची आली, त्यांचं काय करू?"

"ऐका. परीक्षेला येणार नाहीत, पण ऐकायला चांगली आहेत असं म्हणतात."

परत आल्यावर शेजारच्या सकीनाबी, ज्या रोज एक किलो बाजरी घेऊन यायच्या, म्हणाल्या, "जाऊन विचारा की निशिगंधाला. पोर चांगली आहे. सांगेल."

"वाघचौऱ्यांच्या दारात? मी?"

"नापास झालात तर कायमचं गप्प बसायचंय, शेवंताताई. मला ती गिरणीची घरघर नुसती ऐकवत नाही."

"मग कानात बोळे घाला," शेवंताबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी सकीनाबींची बाजरी त्यांनी दोनदा दळली, लक्ष नव्हतं म्हणून.

तिसऱ्या दिवशी शतकाला सतराशे एकोणनव्वद लागलं. सकाळी नेहमीप्रमाणे सरपंचांचा डबा आला आणि नेहमीप्रमाणे रांगेच्या पुढे ठेवला गेला.

"हा डबा रोज पुढे का?" शतकाने विचारलं.

पस्तीस वर्षं तो डबा पुढे होता आणि प्रश्न कुणी विचारला नव्हता. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, दोघींनी डबा उचलला आणि शेवटी नेऊन ठेवला. संध्याकाळपर्यंत सगळे डबे सारखे झाले, आणि सरपंचांच्या डब्याचं झाकण काही सापडलं नाही. चौथ्या दिवशी बायका एकमेकींवर संशय घेऊ लागल्या. रांगेतून इंचभर सरकलेला डबा उचलून बाहेर ठेवायचा ठराव झाला, आणि ठराव मांडणारीचाच डबा दुपारी बाहेर गेला. पाचव्या दिवशी भामाबाई गव्हाचा डबा कडेवर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उगीच कालवा नको. रांगेचं आता मी बघते." सगळ्यांना हायसं वाटलं. भामाबाईंनी लगेच शेजारच्या मिरचीच्या गिरणीची रांगही ताब्यात घेतली.

शेवंताबाई हे सगळं बघत होत्या आणि ओठ घट्ट मिटून दळत होत्या. शतक बोलायचं, त्या ऐकायच्या. या गिरणीत आपण इतिहासाचा शब्द काढायचा नाही, हे त्यांनी एकदाही मोडलं नाही. सकीनाबींनी दोनदा मुद्दाम चुकीचं बोलून पाहिलं, तरीही नाही.

आठव्या दिवशी सकाळी भामाबाईंना सगळ्यांनी मिळून माहेरी पाठवलं. दुपारी त्या परत आल्या. संध्याकाळी त्यांना लांब, आत्याकडे पाठवलं, तिथे एसटी जात नाही. बाराव्या-तेराव्या दिवसापासून शतकाच्या अंगाला कोळशाचा वास यायला लागला. केस पिकले. ते गिरणीच्या पट्ट्याकडे तासन्‌तास बघत बसायचं.

सोळाव्या दिवशी दुपारी चार वाजता हेडमास्तर वाघचौरे गिरणीत आले. बरोबर निशिगंधा होती. हातात डबा नव्हता.

"शेवंताबाई, एक अडचण आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आमचं शतक बोलता बोलता थांबलं. चहाचा कप हातात आहे, पण पीत नाही."

"साडेतीन वाजता थांबलं," निशिगंधा म्हणाली. "सतराशे अठ्ठ्याहत्तर संपलं आणि पुढे त्याच्याकडे काहीच नाही. काकू, शेवट झाल्याशिवाय ते सही करणार नाही. मला हॉलतिकीट मिळणार नाही."

"पुढची बावीस तुमच्याकडे आली आहेत असं शिरसाटांनी फोनवर सांगितलं," वाघचौरे म्हणाले.

शतक कोपऱ्यात बसून ट्रंकेतून काढलेल्या तारयंत्राची टकटक ऐकत होतं. निशिगंधा त्याच्याकडे वळली, तसं ते म्हणालं, "मागे जाता येत नाही, बाळ. यांना सांगून झालंय. यांना विचार."

सगळे शेवंताबाईंकडे पाहू लागले. शेवंताबाई जात्यात गहू सोडत होत्या.

"मास्तर, मला सगळं पाठ आहे," त्या म्हणाल्या. "पण या गिरणीत मी इतिहास सांगायचा नाही असं ठरलंय. माझ्याकडे कागद नाही."

"मग आमच्या घरी चला."

"तुमच्या घरी मला कुणी बोलावलेलं नाही आठ महिन्यांत. शब्द गिरणीत दिला होता. सोडवायचा तर गिरणीतच."

वाघचौऱ्यांनी रांगेकडे पाहिलं. त्या दिवशी रांगेत चौदा डबे आणि सहा बायका होत्या. त्यांच्यापैकी तिघी आठ महिन्यांपूर्वीच्याच होत्या, आणि सकीनाबी पुढे सरकून उभ्या राहिल्या.

"काय बोलू?" वाघचौऱ्यांनी विचारलं.

"ते तुम्हाला ठाऊक. हेडमास्तर तुम्ही आहात."

वाघचौऱ्यांनी चष्मा पुसला. चष्म्यावर पीठ होतं, पुसल्याने ते पसरलं. मग ते वर्गात बोलतात तसे, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असे बोलले. "शेवंताबाई ढवळे यांना या गिरणीत इतिहास सांगायला माझी हरकत नाही. कागद असो वा नसो. पास होवोत वा न होवोत."

"आणि ते निम्मं बरोबर म्हणालात, ते?" सकीनाबी म्हणाल्या.

वाघचौऱ्यांनी चष्मा पुन्हा नाकावर चढवला. "निम्म्याहून जास्त," ते म्हणाले.

"चालेल," शेवंताबाई म्हणाल्या. त्यांनी चालू दळण सोडून निशिगंधासाठी पाट मांडला. "बस ग. असं बघ, सरपंचांचा डबा रोज पुढे असायचा..."

आठ महिन्यांचं तुंबलेलं होतं. रात्रीचा स्वयंपाक त्या दिवशी गावात उशिरा झाला, कारण पीठ घेऊन कुणी घरीच जाईना. दुसऱ्या दिवसापासून निशिगंधा सकाळी येऊन आपली अठ्ठ्याहत्तर वर्षं सांगायची. एकाचं शतक दुसऱ्याने उसनं घ्यावं की नाही, असं शिरसाटांना विचारलं तेव्हा ते म्हणाले की उसनवारीला नियम नाही, म्हणून बंदीही नाही. वाघचौऱ्यांच्या घरी निशिगंधाने ऐकलेला शेवट शतकाला सांगितला. भामाबाईंचं ऐकून झाल्यावर त्याने गार झालेला चहा संपवला आणि सही केली.

शेवंताबाईंचं शतक विसाव्या दिवशी जेवलं नाही. ताटातली भाकरी त्याने बाजूला सारली.

"बरं नाही का?"

"शेवटची दोन वर्षं दख्खनमध्ये फार वाईट गेली," ते म्हणालं. "खायला नव्हतं कुणाला. त्याचे मार्क नाहीत, पण सांगून जातो."

शेवंताबाईंनी गिरणी बंद ठेवली आणि संध्याकाळपर्यंत ऐकलं. मग शतकाने सही केली, ट्रंक उचलली आणि टेम्पोत बसलं. टोप खुंटीलाच राहिला. तो आता त्याला बसत नव्हता.

निकाल लागला. निशिगंधाला सत्त्याण्णव, शेवंताबाईंना एकाहत्तर. पाच गुण त्यांचे अक्षरासाठी कापले होते आणि चार, भामाबाई नक्की कुठल्या देशाच्या हे न लिहिल्याबद्दल. कागद गिरणीत लावला आहे, टोपाशेजारी. वाघचौरे आता दर गुरुवारी डबा घेऊन येतात आणि रांगेत उभे राहतात, पुढे कुणी बोलावलं तरी जात नाहीत.

महिन्याभराने शतक वाटप कक्षाचं पत्र आलं. इसवी सन १७७९ ते १८०० ही बावीस वर्षे आपणांकडे आढळून आली असून ती मूळ स्थितीत परत करावीत, असं त्यात लिहिलं होतं.

शेवंताबाईंनी लगेच उत्तर पाठवलं. वर मिती आणि शके घातला. "बावीस वर्षं मिळाली होती हे खरं. पण गिरणीत आलेली वस्तू आली तशी परत जात नाही. दळून झाली. पीठ सोबतच्या डब्यात भरून पाठवते आहे. डबा परत करावा."

पंधरा दिवसांनी डबा आला. आत शिरसाटांच्या सहीची पोच होती.

"बावीस वर्षे मिळाली. थोडी जाडसर आहेत, पण कार्यालयाने ठेवून घेतली आहेत."