खडकाचं पाणी आणि आमचा उत्तम

सख्ख्या बहिणीच्या लग्नात आमच्या उत्तमनं नवरदेवाच्या हळद लावलेल्या गालाला चुन्याचं बोट लावलं. गाल लालभडक झाला. वऱ्हाडी रुसून बसले, आणि हा अंगणात उड्या मारतोय, "मामा, बराबर आलं! अगदी बराबर!"

उत्तम माझा भाचा. हसनाबादच्या आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेला पहिला. बाप दुसऱ्याच्या शेतात राबायचा, आई निंदायला जायची, मी दुसरी पास. आणि हा रसायनशास्त्र शिकून राह्यला! सुट्टीत आला की घरात काही सुरक्षित नसायचं. सोड्यावर लिंबू पिळायचा, राखेचं पाणी गाळायचा, शेळीलासुद्धा समजावून सांगायचा.

एकदा मात्र त्यानं हद्द केली. दोन बाटल्या घेतल्या. एकीत नदीचं पाणी, दुसरीत आमच्या विहिरीचं. दोन्हीत साबणाचा कीस टाकून हलवल्या. नदीच्या पाण्याला हा फेस! आमच्या विहिरीचं नुसतं गढूळ.

"मामा, आपलं पाणी जड हाय. म्हणून डाळ शिजत न्हाई."

माझं टाळकं फिरलं. दुसऱ्याच्या पाणवठ्यावर लांब उभं राहावं लागायचं, म्हणून धम्म घेतल्यावर आम्ही वस्तीनं ती विहीर खणली. खडक मी स्वतः फोडला. बहात्तरच्या दुष्काळातही ती आटली न्हाई. आणि हा तिला नावं ठेवतो! आठ दिवस मी त्याच्याशी बोललो न्हाई.

दुष्काळ सरल्यावर दोन वर्षांनी त्याला जालन्याच्या एका कॉलेजातून मुलाखतीला बोलावणं आलं. साहेबांपुढं शिकवून दाखवायचं होतं. जागा एकच. ती न्हाई मिळाली तर बापासंगं शेतात. हा निघाला तर हातात विहिरीच्या पाण्याचा डबा!

म्हटलं, "विहिरीची बदनामी करायला तुला एकट्याला सोडणार न्हाई. मी येतो."

भोकरदनला जाऊन जालन्याच्या यष्टीत बसलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, डब्यात रॉकेल हाय का?"

"पाणी हाय."

"जालन्याला पाणी? तिथं नळ न्हाईत का?"

"असं पाणी न्हाई," मी म्हटलं.

मुलाखतीला तीन साहेब होते. मी हट्टानं मागच्या बाकावर जाऊन बसलो. उत्तमनं एका बाटलीत नळाचं पाणी, दुसरीत आमच्या डब्यातलं घेतलं आणि साबण टाकून दोन्ही हलवल्या. एक साहेब म्हणाले, "म्हणजे हे पाणी वाईट?"

मी ताडकन उभा. "वाईट कसं म्हनता? वस्तीनं खणलेली हाय!"

तिन्ही साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, पोराची नोकरी मी घालवली.

उत्तम गडबडला न्हाई. म्हणाला, "सर, हे माझे मामा. यांनी तो खडक फोडलाय. पाणी वाईट न्हाई. खडकातून येताना ते थोडा खडक सोबत घेऊन येतं, एवढंच." मंग फळ्यावर काय काय लिहीत सुटला. साहेब लोक खुर्चीवर पुढं सरकले. तासाभरानं शिपाई सांगत आला, "सोमवारपासून या, सर."

सर! आमच्या उत्तमला! मी त्या शिपायालाच मिठी मारली.

निघायच्या आधी उत्तम मला म्हणाला, "मामा, जरा वर्गात बसता का?" वर्ग रिकामा होता. तो फळ्याजवळ उभा राहिला. मंग हळूच म्हणाला, "इतकी वर्षं शिकलो. बाकीची पोरं घरी जाऊन बापाला सांगायची, आज हे शिकलो. मी कुणाला सांगू? म्हणून तो चुना, तो साबण... वाटायचं, तुमच्यातलं कुणीतरी एकदा 'का?' म्हणून इचारंल."

मी आयुष्यात कुणाला काही इचारलं नव्हतं. मला सगळं येतं, हाच माझा रुबाब.

पहिल्या बाकावर सरकून बसलो. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"का रे उत्तम," म्हटलं, "हळदीला चुना लागला की ती लाल का होते?"

त्यानं खडू उचलला. अंधार पडेपर्यंत सांगत राह्यला. मला एक अक्षर कळलं न्हाई, आणि शेवटची यष्टी गेल्ती.