आखाडाचा कोंबडा

कारभारींनी दार उघडलं. दारात थोरली बहीण बायडाबाई उभी होती आणि तिच्या हातातल्या पिशवीतून एक लाल तुरा डोकावत होता.

"आक्का, हे काय?"

"आखाडाचा कोंबडा. दर वर्षी आणते का नाय? तू विंचूर सोडलं म्हणून मी रीत सोडू का?"

"अगं, हळू बोल! इथं चालत नाय हे."

चालत नव्हतं हे खरंच. विंचूरला कांद्याच्या व्यापारात आयुष्य काढून कारभारींनी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा पहिल्याच सभेत चेअरमन प्रतिभाताईंनी 'इमारत शुद्ध शाकाहारी' असा ठराव मांडला होता. कारभारींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळ्यांचे हात वर. मग त्यांनीही केला. तेव्हापासून मटण खायचं तर पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, द्वारका चौकापलीकडच्या खानावळीत, भिंतीकडे तोंड करून. पुढे ते सेक्रेटरी झाले आणि गेटवर त्या ठरावाची पाटी त्यांनीच उभं राहून लावून घेतली.

त्यात आज सभा, आणि तीही त्यांच्याच हॉलमध्ये. विषय एकच: समोरचा रिकामा फ्लॅट नाझनीन मोमीनला भाड्याने द्यायचा का? मालेगावची मुलगी, बँकेत नोकरी, एकटी राहणार. मालक तयार होता, कारभारी नव्हते. "माणूस म्हणून काही नाही हो, पण त्यांचं खाणंपिणं..." असं ते आठवडाभर एकेकाला जिन्यात गाठून सांगत होते. त्या मुलीशी ते एक शब्दही बोलले नव्हते. मालेगाव आणि मोमीन एवढं ऐकलं, की पुढचं सगळं त्यांना आपोआप कळत असे.

पिशवीतला पाहुणा खच्चून आरवला. कारभारींनी त्याला बाथरूममध्ये कोंडलं, तर आवाज डक्टमधून थेट गच्चीपर्यंत घुमला. टीव्हीवर भजन लावलं, तर तो भजनाच्या वर सूर लावू लागला.

"अंधारात ठेव, गप बसंल," बायडाबाई शांतपणे म्हणाली.

अंधार आणायचा कुठून? घड्याळ तर धावत होतं. तेवढ्यात त्यांना समोरच्या फ्लॅटची किल्ली आठवली. सेक्रेटरी म्हणून एक त्यांच्याकडेच असे. कोंबडा तिथल्या आतल्या खोलीत गेला, पडदा ओढला, दार लोटलं, आणि घाम पुसेपर्यंत मंडळी जमली.

सभा सुरू झाली. कारभारींचे डोळे प्रतिभाताईंकडे आणि कान समोरच्या दाराकडे. एकाच कपात त्यांनी तिसऱ्यांदा साखर घातली.

"बरं वाटत नाही का तुम्हाला?" प्रतिभाताईंनी विचारलं.

उत्तर द्यायच्या आत समोरून किंकाळी आली. सगळे धावले. सभेचं बोलावणं येईपर्यंत फ्लॅट पुन्हा एकदा बघावा म्हणून नाझनीन मालकाकडून किल्ली घेऊन आली होती. आता ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसली होती, आणि हॉलमध्ये फरशी जागोजाग घाण करून कोंबडा रुबाबात फिरत होता.

"बघा!" प्रतिभाताई कडाडल्या. "अजून सामान आलं नाही, तर कोंबडा आला!"

"मॅडम, हा माझा नाही. मी तर अंडंसुद्धा खात नाही. मला वासच सहन होत नाही. अम्मी म्हणते, ही आमच्यात कुठून जन्माला आली."

कोणीतरी फिसकन हसलं. "सांगायला काय जातंय?"

कारभारी सुटले होते. बोट न उचलता मुलीचा फ्लॅट जाणार होता आणि कोंबड्यावर त्यांचं नाव लागणार नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं.

पण नाझनीननं त्यांच्याकडेच पाहिलं. "काका, तुम्ही सेक्रेटरी ना? तुम्हीच सांगा. माझ्याआधी कुणी आलं होतं का इथे?"

तिच्या आवाजात संशय नव्हता, विश्वास होता. त्याची कारभारींना भयंकर लाज वाटली. खानावळीतली ती भिंत डोळ्यांपुढे आली. आपण जे लपूनछपून करतो, त्याचीच शिक्षा ही पोर न करता भोगणार होती.

"कोंबडा माझा हाय," ते म्हणाले. गंगापूर रोडला आल्यापासून दाबून ठेवलेलं गावचं बोलणं एकदम बाहेर पडलं.

आता सेक्रेटरीपद जाणार, दंड होणार, जिन्यात लोक तोंड फिरवणार. कारभारींनी मान खाली घातली. प्रतिभाताईंनी चष्मा सारखा केला, मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"गावरान आहे का हो?"

"मंग काय!" मागून बायडाबाई म्हणाली. "अंगणात दाणे टिपून वाढलाय."

"नाही, म्हणजे... आमचे हे कधीपासून म्हणत होते."

"मी दाराला टॉवेल लावून सुकट भाजते," दुसऱ्या मजल्यावरच्या साधनाताई पुटपुटल्या.

"अहो, मग त्या दिवशी हात कशाला वर केलात?" तळमजल्यावरच्या लहानूतात्यांनी विचारलं.

"तुम्ही केलात म्हणून!"

गेटवरच्या पाटीप्रमाणे राहणारं एकच माणूस त्या इमारतीत निघालं, आणि ते ओट्यावर बसलेलं होतं. फ्लॅट तिला मिळाला. पाटी कारभारींनी त्याच दुपारी काढली.

संध्याकाळी नाझनीन फरशी धुवायला आली, तेव्हा ते झाडू घेऊन हजर होते. "पोरी, आठवडाभर मी तुझ्याविरुद्ध बोलत होतो."

"माहीत आहे काका. मागच्या रविवारी फ्लॅट बघायला आले होते. जिन्यात आवाज फार घुमतो."

कारभारी खाली बघून फरशी घासत राहिले. त्यांच्या घरात बायडाबाईचा रस्सा रटरटू लागला, वाट्या घेऊन शेजारी येऊ लागले. नाझनीन नाकाला ओढणी लावून दारात आली.

"काका, रागावू नका, पण तेवढी खिडकी लावता का?"

"लावतो, लावतो!" ते आत पळाले आणि झाकलेलं पातेलं घेऊन परत आले. हा प्रश्न आपल्याला कुणाला विचारावा लागेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"बटाट्याचा रस्सा हाय. भांडं नवं, चमचाबी वेगळा, मी स्वतः धुतलाय. आमच्या घरचं... चालंल ना तुला?"

नाझनीननं पातेलं हातात घेतलं.

"चालेल की. पण काका, खिडकी राहिली."